बिनधावेचं चाक

वैशाख लागला की आमच्या घरातलं लाकूड बोलायला लागतं. भर दुपारी माणसं ओल्या पोत्यावर पाठ टेकून पडलेली असतात, बाहेर पाखरू वाजत नाही, तेव्हा आधी दाराची चौकट एकदा कट् करते. मग धाब्याखालचं आडवं सर अंग मोडतं. सगळ्यांत शेवटी कोपऱ्यातली खुर्ची. तिच्यावर कुणी बसलेलं नसतं, तरी कुरकुरते. लाकडातलं पाणी जातं, लाकूड आक्रसतं, भोक सैल होतं आणि त्या भोकात ठोकून बसवलेली कूस बारीक होते. हे कळायला सुताराला पंचांग लागत नाही. मी पडल्या पडल्या, डोळे मिटून, आवाजावरून सांगतो की चैत्र सरला.

त्या खुर्चीवर मी बसत नाही. घरात कुणाला बसू देत नाही. लोकांना वाटतं म्हातारा खुर्चीला जपतो. वाटू दिलं.

यंदा वैशाखाच्या तोंडी गावच्या वाचनालयाचे नवे चिटणीस घरी आले. अमरावतीला राहून शिकून आलेला माणूस, पण जोडे बाहेर काढून आला, ओट्यावर मांडी घालून बसला. म्हणाला, "बाबाजी, एक इचारू काय? वाचनालयाच्या खुर्च्यायच्या फळ्या काढून वेत बसवाव म्हंतो. त्या फळीवर अर्धा घंटा बसलं का मानूस पेपर टाकून उठते. पन सारं गाव म्हंते, वेत सुकते अन् खुर्ची फाडते. मले त्यातलं काही समजत नाई. तुमचा शब्द आखरीचा."

मी तोंडातलं पान या गालातून त्या गालात सारलं आणि म्हणालो, "फळीच बरी."

तो "बरं" म्हणून गेला. त्याचे जोडे वाजत गेलेले मला कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत ऐकू आले. तीस-एक वर्षांमागं बोललेलं खोटं मी पुन्हा बोललो होतो. त्या वेळी निदान पुढं माणसं उभी होती, आरडाओरड होती, अंगाला घाम होता. या वेळी कुणी डोळे वटारले नव्हते. एक भला माणूस मला मान देऊन विचारत होता.

तेव्हापासून घरातली खुर्ची जास्तच बोलायला लागली आहे.

आमचं गाव तेल्हाऱ्यापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. काळी जमीन, कापूस, आठवड्याचा बाजार, गावाबाहेर सरकी काढायचा एक जिन. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून फार वर्षं झाली नव्हती, त्या दिवसांत अमरावतीच्या कॅम्पातल्या कुण्या साहेबाची बदली झाली आणि त्याच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं. आमच्या गावानं नुकतंच वाचनालय काढलेलं. तिथं एक कपाट होतं, एक कंदील होता आणि एक फाटकी सतरंजी. गावातल्या चार शहाण्यांनी जाऊन त्या लिलावात बारा खुर्च्या घेतल्या. दोन गाड्यांत घालून आणल्या, उलट्या, पाय वर करून. गाड्या वेशीत शिरल्या तेव्हा बाया ओट्यावर येऊन पाहत होत्या. कुणी म्हणालं, एवढी शेरडं मारून कुठं नेता. सागाच्या खुर्च्या, बसायला वेताची वीण, मधमाशीच्या पोळ्यासारखी सहा बाजूंची भोकं. उन्हात ठेवल्या की जमिनीवर त्या भोकांची जाळी पडायची. मी ती जाळी बघत उभा राहिलो होतो हे मला आठवतं.

मी गाड्यांचा सुतार. चाकं करायचो. शाळेत दुसरीपर्यंत गेलो. तिथं मास्तर खुर्चीवर आणि आम्ही शेणानं सारवलेल्या जमिनीवर. त्यामुळं खुर्ची या वस्तूशी माझं आधीपासूनच वाकडं होतं. पण चाकात मला आजूबाजूच्या वीस गावांत जोड नव्हता, हे मी आजही म्हणतो आणि उद्याही म्हणीन. माझ्या चाकाचा आरा तुंब्यातून हलला असं कुणी दाखवावं.

लोक त्या बारा खुर्च्यांवर पेपर वाचायचे ते वर्षाचे दहा महिने. चैत्र-वैशाखात त्या लग्नाला जायच्या. कुणी ठरवलं नाही, पण गावाची तशी रीतच पडली. मांडवात जांभळीचे डहाळे, खाली जाजम, आणि वधूपित्याच्या बाजूनं ओळीत खुर्च्या. कुणी बसायचं हे ठरलेलं. मधली व्याह्याची. तिच्या उजवीकडं हेडमास्तर, डावीकडं डॉक्टर, मग जिनवाले, मग सोयऱ्यांतले मोठे. बाकी गाव जाजमावर. खुर्ची मिळाली नाही म्हणून रुसून जेवल्याशिवाय गेलेले मामे मी पाहिले आहेत. लग्नाची तारीख धरायच्या आधी लोक वाचनालयात विचारून यायचे, खुर्च्या मोकळ्या आहेत काय. आजही वैशाखात कढीचा, तव्यावरच्या पोळीचा आणि सुकत चाललेल्या डहाळ्यांचा वास एकत्र आला की मला आधी नवरदेव आठवत नाही, त्या खुर्च्या आठवतात.

एवढं त्यांना इकडून तिकडं ओढलं, आणि वरून वऱ्हाडचा उन्हाळा. दर वर्षी त्या डुगडुगायच्या. पहिली काही वर्षं परतवाड्याहून एक म्हातारा मिस्त्री यायचा. तो खुर्ची पूर्ण सुटी करायचा. भोकातला जुना सरस खरवडून काढायचा, नवा सरस मडक्यात शिजवायचा, त्याचा वास आळीभर, लोक नाकाला धोतर लावायचे. मग कुशीला सरस लावून बसवायचा, भोवती सुताची दोरी गुंडाळून त्या दोरीत काडी घालून पीळ द्यायचा आणि तीन दिवस हात लावू द्यायचा नाही. मी जाता-येता बघायचो आणि हसायचो. एका खुर्चीला तीन दिवस! तेवढ्यात मी चाक उभं करतो.

तो म्हातारा वारला. त्यानंतर आलेल्या वैशाखाची ही गोष्ट.

आणि सारजाबाई. तिला ओळख करून दिली पाहिजे, कारण आमच्या गावात आता तिला ओळखणारी माणसं मूठभर उरली. सारजाबाई बुरडाची. नवरा पटकीत गेला. सुपं, टोपल्या, रोवळ्या करायचीच, पण खुर्चीची बैठक विणणारी सगळ्या टापूत ती एकटी. ते काम ती कुठं शिकली ते मी कधी विचारलं नाही. वाचनालयाच्या मागच्या निंबाखाली ती बसायची. वेताच्या पट्ट्या पाण्याच्या घमेल्यात भिजत घातलेल्या, त्यांना ओल्या गवतासारखा वास. वरून निंबाचा मोहर तिच्या डोक्यावर, मांडीवर, घमेल्यात पडत असायचा. बैठक विणून झाली की सुकू द्यायची आणि दुसऱ्या दिवशी बोटाच्या पेरानं वर टिचकी मारायची. टण्ण आवाज आला की खुर्ची मालकाच्या हवाली. जिनच्या हापिसाच्या खुर्च्या तिच्याकडं, डॉक्टरची आरामखुर्ची तिच्याकडं, वाचनालयाच्या तर होत्याच. त्यावर तिचं घर चालायचं. मी तिला त्या वेळी 'सारजे' म्हणायचो. ती मला मिस्त्री म्हणायची, आणि पुढं 'जी' लावायची.

त्या वैशाखात गावच्या पाटलांच्या मुलीचं लग्न निघालं. व्याही अकोल्याचे, कापसाचे मोठे अडते. लग्नाला पाच दिवस राहिले होते. वाचनालयाचे त्या वेळचे चिटणीस चावडीवर म्हणाले, बाराच्या बारा डुगडुगून राहिल्या, परतवाड्याले मानूस पाठवू काय. मी तिथं बसलो होतो. मला तो शब्द लागला. म्हणालो, "परतवाड्याले कावून? गावात सुतार मेले काय? खुर्ची म्हंजे काय हो, बिनधावेचं चाकच ते. दोन दिवसांत करून देतो."

चावडी हसली. मला बरं वाटलं.

सरस शिजवायला मला येत नव्हतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं, परतवाड्याच्या म्हाताऱ्याचा पुतण्या होता, त्याच्याकडं दोन-तीन दिवसांत माणूस जाऊन आला असता. पण विचारायचं कसं?

मला चाकाचं येत होतं. उन्हाळ्यात गाडीचं चाक सुकतं, आरे खुळखुळतात. मग शेतकरी चाक काढून रात्रभर हौदात ठेवतात. लाकूड पाणी पितं, फुगतं, आरे घट्ट. हे आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. मी बारा खुर्च्या गावविहिरीच्या हौदात घातल्या. सहा-सहा करून, वर दगड ठेवून. संध्याकाळी टाकायच्या, सकाळी काढायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैलांना पाणी पाजत होतो तर सारजाबाई तरातरा आली. त्यातल्या चार खुर्च्यांच्या बैठका तिनं आठच दिवसांखाली नव्या विणल्या होत्या.

"मिस्त्री जी, माह्या विनी कावून बुडवल्या?"

"विनी नाई बुडवल्या. खुर्च्या बुडवल्या."

"खुर्चीले चाक समजून राहिले काय तुमी?"

"चाकच हाये. बिनधावेचं."

"तेच म्हंते ना मी. चाकाले लोखंडाची धाव हाये, थे सुकलं तरी धाव त्याले आवळून धरते. खुर्चीले कोन धरन?" ती हौदाच्या काठावर वाकली, एका खुर्चीचा सांधा बोटानं दाबून पाहिला. "वेत भिजते तवा सैल, सुकला का आवळते. लाकडाची चाल उलटी हाये जी. थे भिजलं का फुगते अन् सुकलं का पयलेपक्षा ढिलं पडते. अन् जुना सरस बी गेला पान्यात वाहून. पाहा, पानी कसं चिकट झालं. तिसऱ्या रोजी पाय उघडतीन यायचे."

पाणी खरंच चिकट झालं होतं. मी हात घातला नाही.

"आता तू मले सुतारकी शिकवशीन काय, सारजे? जाय, सुपं विन."

ती गेली नाही लगेच. जरा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "मी आपली सांगतलं. लगनाचा मांडव हाये म्हनून सांगतलं." आणि गेली. तिथं ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. दोन बैल होते.

खुर्च्या निघाल्या त्या लोखंडासारख्या. मी एक चावडीवर नेली, तिच्यावर बसलो, मागं-पुढं झुललो, एका पायावर फिरवली. चूं नाही. पाटील बसून पाहून गेले. "वा रे मिस्त्री!" चिटणिसांनी पाठीवर थाप मारली. परतवाड्याचं नाव कुणी काढलं नाही. त्या दोन दिवसांइतका मी आयुष्यात कधी ताठ चाललो नसेन. बायको म्हणाली, मान दुखन तुमची.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. खुर्च्या सकाळीच मांडवात लावल्या. दिवसभर तो वारा, तुम्हाला माहीत आहे, चुलीच्या तोंडातून यावा तसा. डहाळ्यांची पानं दुपारपर्यंत कुरकुरीत झाली. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो, पांढरा फेटा बांधून, खुर्च्यांच्या मागं, जसं काही त्या माझ्याच घरच्या. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, व्याही पान घ्यायला पुढं झुकले.

आवाज फार मोठा झाला नाही. कुणी तुरीच्या चार काड्या मोडाव्या तेवढाच. पण खुर्चीचे चार पाय चार दिशांना असे गेले, जसं नुकतं जन्मलेलं वासरू उभं राहायला बघतं आणि फतकल मारतं. व्याही बैठकीसकट खाली. पागोटं घरंगळत पुरोहिताच्या पाटापर्यंत गेलं.  मग बायांच्या बाजूनं कुणीतरी फिस्स केलं, आणि ते हसू मांडवभर पसरलं.

व्याही उठले तेव्हा त्यांचा चेहरा कोकमासारखा झाला होता. "पाटील, अकोल्याहून आमाले पाडाले आनलं काय?" त्यांच्याकडचे चार जण उभे राहिले. कुणी म्हणालं, चला, गाड्या जुंपा. पाटील हात जोडून उभे. त्यांची मुलगी हळदीच्या अंगानं, मान खाली घालून उभी. आणि पाटील ओरडले, "मिस्त्री कुठी हाये?"

मी पुढं झालो. खाली पडलेल्या खुर्चीकडं पाहिलं. आणि मला सगळं दिसलं. बैठकीच्या चारी बाजूंच्या लाकडी पट्ट्या वेतानं एकमेकींना धरून ठेवल्या होत्या. एक धागा तुटला नव्हता. पाय तेवढे सुटले होते, माझ्या सांध्यांतून. लाकडानं सोडलं होतं, आणि जे काही अजून एकत्र होतं ते सारजाबाईच्या विणीनं होतं. ज्याला डोळे होते त्या प्रत्येकाला ते दिसत होतं. पण गावानं त्या खुर्चीकडं पाहिलं नाही, माझ्या तोंडाकडं पाहिलं. मिस्त्री सांगेल ते खरं.

मी म्हणालो, "सांधे पक्के होते पाटील. तुमी सोता बसून पाह्यलं. हे वेतानं केलं. वेत सुकला का आवळते, त्यानं लाकूड वढून काढलं."

तिनं हौदावर मला जे शिकवलं, त्याचा अर्धा भाग उचलून मी तिच्यावरच फेकला. एवढं डोकं मला त्या वेळी कुठून आलं कोण जाणे. एरवी मला दोन वाक्यं जुळवायला वेळ लागतो.

सारजाबाई मांडवाच्या टोकाला होती. लग्नात सूप-टोपली बुरडाघरची लागते, आणि ते देणारीला त्या घरचं लुगडं आणि शिधा मानानं मिळतो. ती त्यासाठी थांबली होती. पाटलांनी तिला पुढं बोलावलं.

"काय वो सारजे, वेत सुकला का आवळते काय?"

"आवळते जी." तिला दुसरं काय म्हणता येणार होतं? खरंच होतं ते.

"झालं मंग!" गर्दीतून कुणीतरी.

"पन मिस्त्री जी, पुढचं बी सांगा ना," ती माझ्याकडं पाहून म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. मी सांगेन असंच तिला वाटत होतं. "हौदावर मी तुमाले काय सांगतलं, थे सांगा."

सगळे माझ्याकडं वळले. त्या क्षणाला लांबी किती असते मला माहीत नाही. मी त्यात पुष्कळ वर्षं राहून आलो आहे. फेट्याचा काठ कपाळाला घासत होता. निंबाचा वास येत होता. एक शब्द बोललो असतो तर काय झालं असतं? व्याह्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या. मी पागोटं उचलून त्यांच्या हाती दिलं असतं, पाया पडलो असतो, ते जाजमावर बसले असते. मी पुढं बरीच वर्षं मनाला सांगत आलो की मुलीचं लग्न मोडू नये म्हणून बोललो. लग्न मोडणार नव्हतं. असल्या रागाला पानसुपारीपर्यंतचंच आयुष्य असतं. मोडणार होता तो माझा ताठा.

मी म्हणालो, "काय सांगतलं? विनी भिजल्या म्हनून बोंबलली तू. दुसरं काय?"

 पाटलांनी हातानं तिला बाजूला व्हायला सांगितलं. व्याह्यांना पायघडीवर लोड देऊन बसवलं, पागोटं झटकून डोक्यावर दिलं, कुणीतरी थट्टा केली, ते हसले सुद्धा. बाकीच्या अकरा खुर्च्या उचलून मागं नेल्या. त्याही डुगडुगत होत्या. पंगती बसल्या. मी जेवलो. बुंदी दोनदा घेतली.

घरी आल्यावर बायकोनं एकच विचारलं. "त्या सारजाबाईले लुगडं भेटलं काय?"

मी म्हणालो, मले काय माहीत. तिनं दिवा मालवला आणि कूस बदलून झोपली. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली, पण पुन्हा तिनं तो विषय काढला नाही, आणि मी फेटा बांधायला लागलो की ती खोलीतून निघून जायची.

लुगडं मिळालं नव्हतं. सूप-टोपली ठेवून घेतली आणि तिला तशीच लावून दिली.

आठवड्याच्या आत वाचनालयाच्या पंचांनी ठरवलं, वेत नको. आणि बारा खुर्च्यांना फळ्या ठोकायचं काम कुणाला दिलं असेल? मी ठोकल्या. वेत कापून काढताना पटाशी दोनदा निसटली, इतकी ती वीण ताठ होती. मोडलेली खुर्ची मी मागून घेतली, तिच्या जागी नवी करून देतो म्हणालो आणि दिली. जिनवाल्यानं फळ्या मागितल्या. डॉक्टरनंही. मी सगळ्यांना ठोकून दिल्या. निंबाखालचं घमेलं पावसाळ्याच्या आत उठलं. सारजाबाई परतवाड्याला भावाकडं गेली असं कानावर आलं. मोहर पुढच्या वर्षीही त्या जागेवर पडला, नुसत्या मातीवर.

त्या मोडक्या खुर्चीपायी मी सरस शिजवायला शिकलो. लपून, शेतातल्या कोठ्यात. सांधे खरवडले, कूस जाड करायला बारीक पाचर घातली, दोरीला पीळ दिला, तीन दिवस हात लावला नाही. ती बैठक मात्र तशीच ठेवली. पुढं मी खुर्च्यांचाही मिस्त्री झालो. तेल्हाऱ्यापासून अकोटापर्यंतच्या शाळा, कचेऱ्या माझ्याकडं खुर्च्या पाठवायच्या. लोक म्हणायचे, गणपत मिस्त्रीच्या हातची खुर्ची उन्हाळ्यात बोलत नाही. मी मान हलवून घ्यायचो; घरातली एक बोलते हे सांगायचो नाही. भिजलेलं लाकूड आणि भिजलेला वेत यांची चाल मला कुणी शिकवली हे कुणी विचारलं नाही.

आणि गावाला एक समजूत मिळाली. वेत खुर्ची फाडतो. ती माझ्यापेक्षा जास्त जगणार असं दिसतं. तीस वर्षं आमच्या गावचे लोक वैशाखात तापलेल्या फळीवर बसून पेपर वाचतात, मांड्या चोळत उठतात, आणि मला नमस्कार करून जातात.

चिटणीस येऊन गेल्यावर चौथ्या दिवशी मी कोपऱ्यातली ती खुर्ची खांद्यावर घेतली आणि निघालो. अकोटाला मोटार बदलली. टपावर बांधायला मी नाही म्हणालो, मांडीवर घेऊन बसलो. एक जण म्हणाला, "बाबाजी, मोटारीत जागा भेटत नाई म्हनून घरून खुर्ची घेऊन निंगाले काय?" सगळी मोटार हसली. एरवी मी त्याला सोडला नसता.

परतवाड्यात बुरडांची वस्ती विचारत गेलो. ती जिवंत असेल की नाही हेही मला ठाऊक नव्हतं. एका छपरीत म्हातारी बसली होती, पुढं अर्धं विणलेलं सूप. डोळे दोन्ही पांढरे झालेले. बोटं चालू होती.

"कोन हाये?"

"मिस्त्री."

"कोनचा मिस्त्री?"

मी गावाचं नाव सांगितलं. बोटं थांबली नाहीत.

"चाकवाले?"

"हो."

"बसा." तिनं हातानंच पोतं पुढं सरकवलं. आतून सून डोकावली, "कोन हाये वो आत्याबाई?" तर म्हणाली, "आपल्या जुन्या गावचे हायेत. चहा टाक."

मी खुर्ची तिच्यापुढं ठेवली. तिनं हात फिरवला. आधी सांधे चाचपले, चारी, एकेक करून. "सरस लावला," म्हणाली. मग बैठकीवर हात आणला. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत बोटं गेली, परत आली.

"ही माही वीन हाये."

"हो."

"फाटली नाई."

"नाई."

"मंग आनली कावून?"

मोटारीत मी सगळं ठरवत गेलो होतो. काय म्हणायचं, कुठून सुरू करायचं. लुगडं घेतलं होतं, पिशवीत होतं. त्यातलं काही बाहेर आलं नाही.  शेवटी म्हणालो, "तुमी सांगतलं होतं मले. हौदावर."

 सून चहा ठेवून गेली.

"मले सांगून काय उपेग, मिस्त्री?" ती म्हणाली. 'जी' लावलं नाही. "मले त मालूमच हाये. तिथी सांगा."

मग तिनं वाटीत पाणी मागितलं, बैठकीच्या एका कोपऱ्यातले दोन धागे सैल झाले होते ते ओले करून ओढून घेतले, बांबूची काडी खोचली. पिशवीतलं लुगडं मी पुढं केलं तर हातानं मागं सारलं. "लगनातलं लुगडं लगनात देतेत," म्हणाली. मी निघालो तेव्हा पाठीमागून आवाज आला, "सुकू द्या दोन रोज. सुकल्यावर बसजा."

म्हणून हे लिहिलं. लिहायला सोळा दिवस लागले. माझी अक्षरं खुंट्या ठोकल्यासारखी येतात, आणि मध्ये दोनदा कागद फाडून टाकला, कारण त्यात मी स्वतःला जरा बरा करून घेतला होता.

चिटणीस, फळीच बरी असं मी तुम्हाला सांगितलं ते खोटं. त्या फळ्या मी ठोकल्या, मीच उपसून देतो, खिळे जपून ठेवा. बैठका परतवाड्याहून विणून आणा. सारजाबाईला आता दिसत नाही, पण तिची सून तिच्यापाशी शिकली आहे, आणि सांधे मी सरसानं करून देतो. ही खुर्ची वाचनालयात मधल्या जागी ठेवा. हा कागद वाचून होईपर्यंत तिच्यावर कुणी बसू नये.

तुम्ही म्हणाल, कागद द्या बाबाजी, मी वाचून दाखवतो. नको. येत्या बाजाराच्या दिवशी गाव जमलं की निंबाखाली मी येतो. दुसरीपर्यंत शिकलो आहे, वाचता येतं मला. मीच वाचीन. उभ्यानं.